विलंबित गावातला बूस्टर

धारवाडच्या रस्त्यावर घाईत चाललेला माणूस दिसला, तर तो बहुधा हुबळीचा असतो. आणि हुबळीच्या माणसाला घाई असेल, तर त्याचा डबा रेल्वे स्टेशनच्या १,५०७ मीटर लांबीच्या, जगातल्या सर्वांत लांब प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला आलेला असतो. एरवी या जोडशहराची लय विलंबित. गंगूबाई हनगल हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, सवाई गंधर्व जवळच्याच कुंदगोळचे. एकेका स्वराला हवा तेवढा वेळ द्यायचा, ही इथल्या हवेतलीच शिकवण. लाइन बाजारात पेढ्यांच्या रांगेत उभा असलेला माणूससुद्धा 'लवकर द्या' म्हणत नाही. तो पुढच्याला "मुलीचं जमलं का?" असं विचारतो, आणि उत्तर संपेपर्यंत त्याचा नंबर आलेला असतो.

अशा गावात आता एक पिढी वाढली आहे, जिला सेकंदाला साठ चित्रांहून एकही कमी चालत नाही.

सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांवर चालतो. तेवढ्यावर आमच्या आधीच्या पिढीने डॉ. राजकुमारांचे कन्नड आणि राजा परांजप्यांचे मराठी सिनेमे पाहिले, हसली, रडली, मध्यंतरात गिरमिट खाऊन आली. चित्र अडखळतंय अशी तक्रार कोणी केली नाही. रीळ तुटलं तर शिट्ट्या मारल्या, एवढंच. आता विद्यानगरात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा पडद्याच्या कोपऱ्यातल्या 'एफपीएस'च्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्या, आकड्यावर डोळा ठेवून बसतो. समोरून शत्रू येतोय की मित्र, हे त्याला नंतर कळतं. आकडा साठावरून बावन्नवर आला हे आधी कळतं. साठ चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात धारवाडी माणसाच्या होकाराचा, म्हणजे 'हौद्री'मधला, 'ह'सुद्धा बाहेर पडत नाही.

या मुलाजवळचा लॅपटॉप वडिलांनी 'अभ्यासासाठी' घेऊन दिलेला असतो. दुकानात वडील म्हणालेले असतात, "अभ्यासाला पुरेल असा दाखवा की," आणि दुकानदाराने त्यांच्या खिशाकडे पाहून तसाच दाखवलेला असतो. तो अभ्यासाला पुरतो, हे सिद्ध होण्याची संधी त्याला कधी मिळत नाही. खेळाला मात्र तो पुरत नाही, हे पहिल्याच आठवड्यात सिद्ध होतं. नव्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे मागायचे तर मागच्या सेमिस्टरचे मार्क सांगावे लागतील. हा प्रसंग टाळण्यासाठी मुलगा जो शेवटचा उपाय करतो, त्याचं नाव गेम बूस्टर, म्हणजे खेळाचा वेग वाढवून देतो म्हणणारा प्रोग्राम. फुकट मिळतो, दोन मिनिटांत बसतो, आणि मार्क विचारत नाही.

बूस्टर उघडण्याचा सोहळा एकदा तरी पाहावा. पार्श्वभूमी काळी, रेघा लाल किंवा हिरव्या, मधोमध वर्तुळ, वर्तुळात काटा, कोपऱ्यात रॉकेट. मग तपासणी सुरू होते. पडद्यावरून फाइलींची नावं पळू लागतात. वाचता येणार नाहीत नेमक्या तेवढ्याच वेगाने पळतात. शेवटी निकाल लागतो, आणि संगणक हमखास नापास होतो. 'सगळं ठीक आहे, काही करायची गरज नाही, जेवून घ्या' असा निकाल देणारा बूस्टर मी तरी पाहिलेला नाही. निकालाखाली एक भलंमोठं बटण लुकलुकत असतं: 'बूस्ट'. ते दाबलं की रॉकेट उडतं, काटा सरकतो आणि शाबासकी येते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो.

"काय चाललंय रे?"

"रॅम मोकळी करतोय, आई."

"मग खोलीपण कर की तशीच!"

खोली मोकळी करायला बटण नसल्याने ते काम राहतं.

आता ही रॅम मोकळी होते म्हणजे काय होतं? विंडोज ही मूळची काटकसरी व्यवस्था. आहे ती रॅम ती रिकामी ठेवत नाही. पुन्हा लागेल असं वाटणारं सामान ती तिथेच हाताशी ठेवते, कारण रिकाम्या रॅमचा कोणाला उपयोग नसतो. खेळाला जागा हवी झाली, तर त्यातलं बिनकामाचं सामान ती स्वतःच, कोणी न सांगता, बाजूला सारते. बूस्टरला हे बघवत नाही. तो चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामना एकदम जागा सोडायला लावतो. वापराचा आकडा धाडकन खाली येतो, काटा हिरव्यात जातो, मुलगा खूश होतो. दोन मिनिटांनी त्याच प्रोग्रामना तेच सामान पुन्हा हवं असतं. मग शोधाशोध आणि आणाआणी सुरू होते, आणि ती नेमकी शत्रू दारात उभा असताना होते. पडदा क्षणभर गोठतो. खेळणारा मरतो. मेल्यावर तो काय करतो? पुन्हा बूस्ट दाबतो.

या साऱ्या सफाईत एक प्रोग्राम मात्र जागेवरून हलत नाही. संगणक सुरू होताच तो हजर असतो, घड्याळाजवळच्या कोपऱ्यात बसून राहतो आणि दर तासाला आपण काय काय केलं ते सांगतो. तो म्हणजे बूस्टर स्वतः.

हा उद्योग आजचा नाही. १९९५ मध्ये, रॅम फार महाग होती तेव्हा, सिंक्रोनिस सॉफ्टकॉर्प नावाच्या अमेरिकन कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. दावा असा की, डबा उघडायला नको, चिप घालायला नको. हे सॉफ्टवेअर घाला, रॅम दुप्पट. सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलगडून पाहिलं, तेव्हा रॅम वाढवण्याच्या नावाने आत काहीच घडत नव्हतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला गाठलं. दुप्पट झालेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे पडद्यावर दाखवलेला आकडा. पुढे 'इंटरनेटवरून रॅम डाउनलोड करा' हा संगणकवाल्यांचा लाडका विनोद झाला. सहा लाख लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू नंतर विनोद म्हणून फुकट मिळू लागली.

याच रसिनोविच यांनी नंतर रॅम मोकळी करणाऱ्या सॉफ्टवेअरांची लबाडी उघड करणारा सविस्तर लेख लिहिला, आणि पुढे ते मायक्रोसॉफ्टमध्ये मोठ्या पदावर गेले. आता तरी हा विषय मिटला असेल, असं वाटण्याचा संभव आहे. पण मायक्रोसॉफ्टने अलीकडे 'पीसी मॅनेजर' नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं. त्यात वरच्या बाजूला एक बटण आहे. बटणावर लिहिलंय: 'बूस्ट'. लोकांना बटण हवं असतं, यापुढे विद्वत्तेचं काही चालत नाही.

रॅम मोकळी करणारे हे बूस्टरांचं पहिलं कुळ. दुसरं कुळ कचरा काढणाऱ्यांचं. यांचा रोख असतो रजिस्ट्रीवर. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची खतावणी. कोणतं सॉफ्टवेअर कुठे बसलंय, त्याच्या आवडीनिवडी काय, अशा लाखो नोंदी तिच्यात असतात. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या काही नोंदी मागे उरतात, हे खरं आहे. त्या निपचित पडून असतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कचरा काढणारा प्रोग्राम त्यांना 'गंभीर त्रुटी' म्हणतो आणि शेकड्यांनी मोजून दाखवतो. लाखो नोंदींतल्या काहीशे गेल्याने संगणक पळू लागत नाही. चुकून कामाची एखादी गेली, तर मात्र बसतो. मायक्रोसॉफ्टने तर रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरांना आपला पाठिंबा नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. ते वाचायला मात्र बटण नाही, वाचावंच लागतं.

यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव सीक्लीनर. २०१७ मध्ये चोरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच आपलं सॉफ्टवेअर घुसवलं. कंपनीच्याच हिशेबाने सुमारे २२ लाख ७० हजार जणांच्या संगणकांत ती आवृत्ती पोचली. जे काही साफ करत नव्हते, ते सुरक्षित राहिले. आळसाला असा न्याय क्वचितच मिळतो.

आणि तपासणीच्या निकालाचं म्हणाल, तर त्याचा नमुना अमेरिकेतच सापडतो. ऑफिस डेपो ही तिथली मोठी दुकानांची साखळी. दुकानात संगणक नेला की त्याची फुकट तपासणी व्हायची. आधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचे: संगणक मंद झालाय का, मध्येच बंद पडतो का, व्हायरसचे इशारे येतात का, नको त्या जाहिराती उघडतात का. चारपैकी एकाला जरी 'हो' म्हटलं, तरी संगणकात घातक सॉफ्टवेअरची लक्षणं आहेत असा निकाल ठरलेला. आतल्या तपासणीत काय सापडलं, याचा त्या निकालाशी संबंधच नव्हता. मग दुरुस्तीचं बिल, काही वेळा तीनशे डॉलरपर्यंत. २०१९ मध्ये या कंपनीला आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपला संगणक मंद झालाय का, या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस कुठून आणायचा? धारवाडात तर माणूस आधी 'हो' म्हणतो आणि मग प्रश्न काय होता ते विचारतो.

खरं तर बटणाचा इतिहास याहून जुना आणि याहून मजेदार आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. त्या काळचे बरेच खेळ हाच वेग धरून लिहिलेले. पुढे वेगवान यंत्रं आली आणि तेच खेळ त्यांच्यावर सुसाट धावू लागले. खेळणाऱ्याचा हात कळीवर जाईपर्यंत डाव संपलेला. म्हणून डब्यावर एक बटण आलं. ते एका बाजूला केलं की संगणक मुद्दाम हळू चालायचा, म्हणजे खेळता यायचं. खेळासाठी संगणक मंद करायच्या या सोयीला नाव काय दिलं? 'टर्बो'. नव्वदीच्या सुमारास संगणक क्लासमध्ये गेलेल्यांना ते बटण आठवत असेल. त्याने काय होतं हे सरांना विचारलं, तर सर म्हणायचे, "त्याला हात लावायचा नाही." संगणक क्षेत्रातला इतका नेमका सल्ला मला पुन्हा मिळाला नाही.

नंतर आला डिस्क डिफ्रॅगमेंटर, डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणणारा. विंडोज ९८ मध्ये तो सुरू केला की पडद्यावर रंगीत चौकोन दिसायचे आणि एकेक करून सरकायचे. जुन्या फिरत्या डिस्कला त्याचा खराच थोडा उपयोग व्हायचा. पण त्याची लोकप्रियता उपयोगामुळे नव्हती. दुपारचं जेवण करून, पाय पसरून, चौकोन सरकताना पाहत बसणं यात एक अपूर्व शांतता होती. काही न करता काम चालू आहे, आणि ते दिसतंही आहे. सरकारी कचेरी सोडली तर ही सोय फक्त विंडोजमध्ये होती.

तिसरं कुळ आहे अग्रक्रम देणाऱ्यांचं. खेळ सुरू झाला की बाकीच्यांना थांबवायचं आणि खेळाला पुढे काढायचं, हा त्यांचा धर्म. हे समजून घ्यायला हुबळी-धारवाडइतकी सोयीची जागा नाही. २०१८ पासून या दोन शहरांमध्ये 'चिगरी' बस धावते. सुमारे बावीस किलोमीटरच्या रस्त्यावर मधोमध तिच्यासाठी राखीव मार्गिका आहे. त्या मार्गिकेतून बस खरोखर झपाट्याने जाते, कारण तिथे दुसरं कोणी नसतं. आणि दुसरं कोणी कुठे असतं? बाजूला. उरलेल्या रस्त्यात रिक्षा, मोटारी, दुचाक्या, ट्रॅक्टर आणि आपापल्या विचारात असलेल्या म्हशी, असे सगळे मिळून बसच्या वेगाविषयी मत व्यक्त करत असतात. संगणकातला रस्ताही तेवढाच. खेळाला मार्गिका दिली, की ती कोणाच्या तरी वाट्यातून जाते. मात्र चिगरीसाठी आधी रस्ता रुंद केला, खोदला, स्थानकं बांधली, त्यात वर्षं गेली. बूस्टर रस्ता रुंद करत नाही. तो फक्त बाकीच्यांना 'सरका' म्हणून ओरडतो.

या ओरडण्याचे परिणाम घरादाराला भोगावे लागतात. काही बूस्टर 'अनावश्यक' सेवा थांबवतात, आणि त्या यादीत छपाईची सेवाही सापडते. खेळाच्या दृष्टीने छपाई अनावश्यकच. पण दुसऱ्या दिवशी वडिलांना पेन्शनचा कागद छापायचा असतो. प्रिंटर गप्प. वडील प्रिंटर बंद करतात, चालू करतात, झटकतात. शाई संपली असेल म्हणून नवी आणतात. शेवटी प्रिंटरच्या दुरुस्तीला माणूस बोलावला जातो. तो येतो, चहा पितो, प्रिंटर उघडतो, मिटतो, "मदरबोर्ड गेलाय" म्हणतो आणि तीनशे रुपये घेतो. मुलगा हे सगळं पाहत असतो. त्यालाही दोन गोष्टींचा संबंध माहीत नसतो. त्या दिवशी संध्याकाळी त्याला सहा फ्रेम जास्त मिळतात.

अग्रक्रमाचं हे काम विंडोज स्वतःही करते. एप्रिल २०१७ च्या आवृत्तीपासून तिच्यात 'गेम मोड' आहे. खेळ चालू असताना अपडेटची लुडबूड थांबवायची, खेळाला थोडं पुढे ठेवायचं, एवढं तो मुकाट्याने करतो. त्यात रॉकेट नाही, काटा नाही, शाबासकी नाही. म्हणून तो आहे हेच कोणाला ठाऊक नसतं.

चौथं कुळ पिंग कमी करणाऱ्यांचं. पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. हुबळीच्या मुलाला मुंबईचा सर्व्हर मिळाला तर चांगलं, सिंगापूरचा मिळाला तर रडू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूर इथून सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन सात हजार. म्हणजे जगातलं सर्वोत्तम इंटरनेट घेतलं, वाटेत कोणीही थांबवलं नाही, तरी पस्तीस मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तारा सरळ जात नाहीत, त्यामुळे आणखी लागतात. बूस्टर म्हणतो, मी पिंग 'शून्याजवळ' आणतो. तुमच्या सेवादात्याने निरोप उगाच लांबच्या वाटेने पाठवला असेल, तर अशी सेवा कधीकधी जवळची वाट काढून देते, हे कबूल. पण तार जेवढी लांब, तेवढा वेळ लागणार. प्रकाशाने आजवर आइनस्टाइनपुढेही आपला वेग वाढवलेला नाही. महिन्याच्या वर्गणीसाठी वाढवेल असं वाटत नाही.

हे सगळं तरुणांचंच वेड आहे, असं म्हणून वडीलधाऱ्यांनी हसायचं कारण नाही. कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचे फोन तपासून पाहा. प्रत्येकात झाडूचं चित्र असलेलं एक तरी अ‍ॅप सापडेल. फेरी संपली की बाकावर बसून मंडळी फोन झाडतात.

"आज किती निघालं?"

"पावणेदोन जीबी. तुमचं?"

"आमचं रोजच्या रोज असतं हो. साठू देत नाही मी."

फोनमधला अँड्रॉइड जुना असेल, तर झाडणाऱ्या अ‍ॅपने पाठीमागचे प्रोग्राम बंद केलेले असतात. अँड्रॉइड त्यांतले कित्येक क्षणभरात पुन्हा सुरू करतो, आणि नव्याने सुरू व्हायला बॅटरी जास्त लागते. तोवर अ‍ॅपने दोन जाहिराती दाखवलेल्या असतात, त्यांतली एक गुडघेदुखीची. फोन भरला आहे तो 'शुभ सकाळ'च्या फुलांनी. पण ती काढायची तर पाठवणाऱ्याचा अपमान होईल, म्हणून झाडूला काम मिळतं. नातवंडं याच फोनवर बॅटलग्राउंड्स खेळतात. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा आजोबांना वाटलं, सुटलो. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला आणि आजोबांचा फोन पुन्हा गरम झाला. आता फोनच्या पाठीला लावायचा छोटा पंखाही मिळतो. उन्हाळ्यात घरात वीज गेली की सगळं कुटुंब वारा घ्यायला त्या पंख्याभोवती बसतं, हे मी अजून पाहिलेलं नाही. पण दिवस दूर नाही.

मग बूस्टर लावल्यावर खेळ सुधारल्यासारखा वाटतो, तो का? खेळणारे शपथेवर सांगतात की फरक पडतो. मला ते खरं वाटतं. बूस्ट दाबल्यावर मुलगा काय करतो, ते नीट पाहा. तो आधी बावीस टॅब उघडलेला ब्राउझर बंद करतो, कारण बूस्टरने तसं सुचवलेलं असतं. मग चार्जर लावतो. पाठ ताठ करून बसतो. आईला सांगतो, "अर्धा तास हाक मारू नकोस." मोबाइल पालथा ठेवतो. या प्रत्येक गोष्टीने खेळ सुधारतो. यातली एकही बूस्टरने केलेली नसते. बूस्टर संगणकाला लावला जातो आणि लागू पडतो खेळणाऱ्याला. हाच मुलगा बाबांच्या म्हणण्याप्रमाणे अभ्यासाआधी ताठ बसला, फोन पालथा ठेवला, तर मार्क वाढतील. पण अभ्यासाच्या पुस्तकावर रॉकेट नसतं.

संगणकाला खरा वेग कशाने येतो, हे कोप्पीकर रोडच्या आसपासच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. त्याला एफपीएस माहीत नसेल, पण तो तुमचा लॅपटॉप उलटा करतो, स्क्रू काढतो, आत पाहतो आणि अत्यंत समाधानाने म्हणतो, "धूळ ऐत्री, सर." मग आपण मराठी आहोत हे ओळखून, "केवढी धूळ आहे की हो आत!" हुबळीची धूळ हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. कापसाची बाजारपेठ, मालमोटारी, कायम कुठे ना कुठे उकरलेले रस्ते आणि उन्हाळ्यातला वारा, अशी तिची घराण्याची परंपरा. ही धूळ लॅपटॉपच्या पंख्यात नमद्यासारखी बसते. हवा बाहेर जात नाही, प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपणच आपला वेग कमी करतो. अशा वेळी तुम्ही कितीही रॉकेटं उडवा. दुरुस्तीवाला ब्रश फिरवतो, हवेचा फवारा मारतो, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावतो. दुकानात एक छोटं वादळ उठतं, शेजारचा चहावाला शिव्या देतो आणि लॅपटॉप पहिल्यासारखा होतो. रजिस्ट्रीत नव्हता तेवढा कचरा तिथे निघतो, आणि तो डोळ्यांनी दिसतो.

तेव्हा वाचकहो, आणि विशेषतः वाचकांच्या चिरंजीवहो, बूस्टर काढून टाका आणि पुढचं करून पाहा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची जाळी बुजते आणि तो गुदमरतो. खेळताना चार्जर लावा. बॅटरीवर तो हात राखूनच चालतो. टास्क मॅनेजर उघडून, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी फालतू मंडळी बंद करा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. वायफायऐवजी तार लावा. खेळ अडखळतो त्यातला बराच दोष भिंतीपलीकडच्या राउटरचा असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर दुसरी घाला. अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारा भागही त्याच रॅमवर जगतो, त्यामुळे दोन पट्ट्यांनी खरोखर फ्रेम वाढतात. जुनी फिरती डिस्क असेल तर एसएसडी टाका. फ्रेम फारशा वाढणार नाहीत, पण खेळ उघडेपर्यंत चहा पिऊन येण्याची सवय सुटेल. वर्षातून एकदा धूळ काढून घ्या. आणि एवढं करूनही आकडा साठावर जात नसेल, तर खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या आणि गवत कमी करा. गवताची पाती मोजायला आपण तिथे गेलेलो नसतो.

यानंतरही हरलात, तर दोष संगणकाला देऊ नका. त्याने त्याच्या बाजूने सगळं केलेलं असेल. समोरचा मुलगा तुमच्यापेक्षा चांगला खेळतो, आणि त्यावर कुठलंही बटण अजून निघालेलं नाही.